पुलावरून अर्ध्यातच परतलेली सहल

«मावशी, पुढच्या महिन्यात शनिवार-रविवारला जोडून दोन रात्री आम्ही एका मोठ्या शहरात जाणार आहोत. मुलगी चार वर्षांची, मुलगा पावणेदोन वर्षांचा. नवऱ्याने अकरा ठिकाणांची यादी केली आहे. गेल्या हिवाळ्यातही याच शहरात गेलो होतो. संध्याकाळी नदीवरच्या पुलावर बोचरं वारं सुटलं, मुलीने भर रस्त्यात लोळण घेतली, बाळाचं डायपर गळून कपडे ओले झाले आणि अर्ध्या पुलावरून आम्ही मागे फिरलो. तेव्हा नवरा म्हणाला, ‘तुला कशाचीच मजा घेता येत नाही.’ वर्ष झालं, ते वाक्य मनातून जात नाही. सासूबाई म्हणतात, थंडीत लेकरांना बाहेर काढूच नका. मला जायचंय, पण धास्ती वाटते. नाही म्हणू, की गप्प बसून जाऊ?»

जा. नाही म्हणू नकोस, आणि गप्पही बसू नकोस.

आधी त्या वाक्याचं बोलू, कारण तुझ्या पत्रातली खरी सल तीच आहे. मजा घ्यायला हात मोकळे लागतात गं. पुलावर उभी होतीस तेव्हा तुझे हात कशात गुंतले होते ते आठव. एका हातात ओलं बाळ असणार, दुसऱ्या हाताने पिशवीत तळाशी गेलेला कोरडा सदरा शोधत असणार, आणि नजर रस्त्यात लोळणाऱ्या मुलीवर. तुझा नवरा तेव्हा दमला होता, त्याने आखलेला दिवस डोळ्यांदेखत फसत होता, म्हणून तो तसं बोलून गेला असेल. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. पण ते वाक्य वर्षभर सलतंय हे त्याला कळायलाच हवं, आणि ते निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना नको. एखाद्या दिवशी मुलं झोपल्यावर निवांत बसून सांग. ‘तू असं का बोललास’ अशी सुरुवात केलीस तर तो बचावाला लागेल. ‘त्या संध्याकाळी मला काय होत होतं ते ऐक’ असं म्हणून बघ.

आणि त्या संध्याकाळचा हिशोबही त्याच्यासमोर मांड. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास झोप लागते आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास, दुपारची डुलकी धरून. तुम्ही पहाटेची गाडी पकडली असेल तर दोन तास तिथेच गेले. दुपारची झोप हॉर्न आणि गर्दीत कशीबशी अर्धी झाली. संध्याकाळी सहाला तुमची लेक भुकेली, गारठलेली आणि तीन तासांची झोप कमी पडलेली होती. तिच्या जागी मोठं माणूस असतं तर तेही चिडलं असतं, फक्त रस्त्यात लोळलं नसतं.

म्हणून अकरा ठिकाणांची यादी दोनवर आण. मी चार म्हणत नाहीये, दोनच. दिवसाला एक मोठी गोष्ट, सकाळची न्याहारी झाली की तीच, आणि दुपारी खोलीवर परत. डोळ्यांवर अंधार करून, पायमोजे काढून, खरीखुरी झोप. त्यासाठी खोली ठिकाणाच्या जवळ घ्या. लहान असली तरी चालेल, पण दुपारी परत यायला तास लागणार असेल तर ती कितीही चांगली असली तरी तुमच्या उपयोगाची नाही. संध्याकाळी खोलीच्या आसपास, पायी जाता येईल एवढंच. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो आणि ऊन गेलं की गारठा झपाट्याने वाढतो, त्यामुळे अंधाराच्या आत परतायचं हे आधीच ठरवून टाका, तिथे रस्त्यात उभं राहून नाही. उरलेल्या नऊ ठिकाणांचं नवऱ्याला वाईट वाटेल. वाटू दे. ती यादी फाडू नको म्हणावं, मुलं मोठी झाल्यावर लागेल.

आता सासूबाई. त्यांची काळजी खोटी नाही, फक्त तिचा रोख थोडा बाजूला गेलाय. सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि ते पसरतात बंद, कोंदट, माणसांनी भरलेल्या जागेत. म्हणजे उघड्या बागेपेक्षा खिडक्या लावून घेतलेल्या गर्दीच्या डब्यातच जास्त जपायला हवं. खाण्याआधी साबणाने हात धुणं हे दोन स्वेटरांपेक्षा जास्त कामाचं. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाला सांगू दे. आणि थंडीपासून मुलांना कसं जपणार आहात तेही त्यानेच सांगावं, म्हणजे त्यांचा जीव थाऱ्यावर राहील.

ते कसं जपायचं, ते मात्र नीट वाच. चालणाऱ्या माणसाला ऊब येते, बसलेल्याला येत नाही. बाबागाडी ढकलताना तुला घाम फुटत असतो आणि तू जॅकेटची चेन उघडतेस, त्याच वेळी गाडीतलं बाळ अर्धा तास न हलता वाऱ्याच्या तोंडाशी बसलेलं असतं. आपल्या अंगावरून त्याच्या थंडीचा अंदाज कधीच करू नये. त्याचे हात गार लागले तर घाबरू नकोस, लहान मुलांचे हातपाय गार लागतातच. मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घालून बघ. तिथे कोमट आणि कोरडं लागलं की झालं. गार लागलं तर एक थर वाढव, घामट लागलं तर एक काढ, कारण घामाने ओला झालेला कपडा नंतर बर्फासारखा चिकटतो. म्हणूनच एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ तीन थर बरे, आणि अंगालगतचा थर सुती नको, सुती कपडा ओल धरून बसतो. कडेवर किंवा झोळीत घेतलंस की विजार वर सरकते आणि पोटरी उघडी पडते, तेव्हा मोजे गुडघ्यापर्यंतचे घे. कानटोपी विसरू नकोस. एवढ्याशा मुलाचं डोकं अंगाच्या मानाने आपल्यापेक्षा बरंच मोठं असतं, तेवढी ऊब तिथून जाते.

मोटारीत मुलांच्या सीटवर बसवताना जाड जॅकेट काढूनच पट्टा बांधा. धक्का बसला की फुगीर जॅकेट दबतं आणि घट्ट वाटणारा पट्टा सैल पडतो. पट्टा बांधून झाल्यावर जॅकेट वरून पांघरा. खोलीत कोळशाची शेगडी किंवा धूर बाहेर काढण्याची सोय नसलेला गॅसचा हीटर पेटवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत जीव जातो. याबाबतीत मी जराही सूट देणार नाही.

सकाळी फार लवकर निघू नका, हेही नवऱ्याला पटवावं लागेल. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असली की ती वरची हवा झाकणासारखी बसते, आणि मोठ्या शहराचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन तापलं की झाकण उठतं. लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात, म्हणून दहा-साडेदहापर्यंत खोलीत रमतगमत खाऊन निघालात तर कुणाचंच बिघडत नाही. गर्दीत शिरण्याआधी दोघांचे त्या दिवशीच्या कपड्यांतले फोटो फोनवर काढून ठेवा. मूल नजरेआड झालं तर त्याने काय घातलं होतं हे त्या क्षणी आठवत नाही. मुलीच्या आतल्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आता पिशवी. गेल्या वेळी ती कोणी भरली होती? तूच. कोणत्या कप्प्यात काय आहे हे एकटीला माहीत, म्हणून दर पाच मिनिटांनी हाक तुलाच. या वेळी पिशवी त्याने भरायची, आणि दिवसभर त्याच्याच खांद्यावर राहील. तू शेजारी बसून सूचना देऊ नकोस, हे तुला जड जाईल, पण एखादा मोजा राहिला तर राहू दे. रविवारी दुपारपर्यंत धाकटा पूर्णपणे त्याच्याकडे, म्हणजे शी, खाणं, झोप सगळं, आणि थोरली तुझ्याकडे. शनिवारी उलट. दोघांनी दोघांकडे अर्धं-अर्धं बघायला गेलं की शेवटी सगळं एकाच्याच अंगावर येतं.

त्या दोन ठिकाणांपैकी एक मुलीला निवडू दे. ती कदाचित यादीतलं काहीच निवडणार नाही, सरकत्या जिन्यावरून वर-खाली करायचं म्हणेल. शनिवारी तेच करा.

आणि रविवारसाठी तू एक माग. तो पूल. सकाळी अकराला, ऊन अंगावर घेत, धाकटा बापाच्या कडेवर आणि पिशवीही त्याच्याच खांद्यावर असताना, मुलीचं बोट धरून पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन ये.