विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या गरजू विद्यार्थ्यांना आंतरशाखीय संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळते का?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, आपली चुलत बहीण इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, दोन्ही घरांचे वार्षिक उत्पन्न दीड लाखाच्या आत आहे आणि गावातील बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइडवर दोघांना मिळून काम करायचे आहे, असे आपण लिहिले आहे. शुल्क, राहण्याचा खर्च आणि संशोधन या तिन्हींसाठी एकत्र मदत करणारी शिष्यवृत्ती अमेरिकेत असते, तशी आपल्याकडे आहे का, हा आपला प्रश्न आहे.

आपल्याकडे पदवीच्या विद्यार्थ्याला ही मदत वेगवेगळ्या दारांतून मिळवावी लागते. शुल्काचे दार एक, संशोधनाचे दुसरे, आणि या दोन दारांच्या मध्ये जो खर्च उरतो तोच गरीब घरच्या मुलाला मागे खेचतो. मी आज एका अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असलो, तरी माझे वडील जिनिंगमध्ये मजूर होते आणि हा उरलेला खर्च मी स्वतः सोसलेला आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी शुल्काचे पाहू. आपली बहीण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून अभियांत्रिकीला गेली असेल आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गात मोडत असेल, तर राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याखेरीज अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. तिचा अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, त्यामुळे तिने तो पुढे ढकलू नये. एकाच कारणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत, म्हणून कोणती कोणाबरोबर चालते हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते या दोन गोष्टी जूनमध्येच तयार असाव्यात; महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुधा याच दोन ठिकाणी अडतात.

आता संशोधनाचे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त ठाऊक असलेली योजना म्हणजे केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर. तीत वर्षाला ८०,००० रुपये मिळतात, पैकी ६०,००० विद्यार्थ्याच्या खर्चासाठी आणि २०,००० उन्हाळ्यातील संशोधन प्रकल्पासाठी. परंतु ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. बारावीनंतर पहिल्याच वर्षी तिचा अर्ज करायचा असतो आणि निवड मुख्यतः बारावीच्या गुणांवर, मंडळातील वरच्या एक टक्क्यातून होते. घरच्या उत्पन्नाचा विचार तीत नाही. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ पासून होती, तीही २०२२ मध्ये इन्स्पायरमध्येच विलीन झाली. आपण दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे हे दार आता बंद झाले आहे. मात्र गावातील जी मुले यंदा बारावीला आहेत त्यांना याची माहिती अवश्य द्यावी. ज्यांना ही शिष्यवृत्ती मिळते त्यांतील बरेचजण तो उन्हाळी प्रकल्प कागदोपत्री उरकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण माझ्या मते त्या योजनेतील खरी संपत्ती ते सहा-आठ आठवडेच आहेत.

आपल्यासाठी उघडे असलेले मोठे दार म्हणजे तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून ती चालवतात. विज्ञान आणि अभियांत्रिकी या दोन्ही शाखांचे विद्यार्थी तिला अर्ज करू शकतात. निवड झाल्यास एखाद्या संशोधन संस्थेत सुमारे दोन महिने काम करायला मिळते, विद्यावेतन मिळते आणि प्रवासखर्चही मिळतो. याशिवाय मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्याचा २००४ पासून चालू असलेला राष्ट्रीय पदवीपूर्व विज्ञान उपक्रम बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तेथील शिबिरांत राहण्या-जेवणाची सोय केंद्रच करते. लहान महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला तेथे कोणी कमी लेखत नाही, हे मी माझ्या दोन विद्यार्थिनींकडून ऐकले आहे.

आपण विचारलेला आंतरशाखीय हा शब्द या अर्जांत नेमका कुठे बसतो, ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. अर्जात एकच विषय निवडावा लागतो. दोन शाखांचा संगम दाखवण्याच्या उत्साहात काही विद्यार्थी ज्या विषयात आपला हात कच्चा आहे तोच निवडतात आणि मागे पडतात. आपण रसायनशास्त्रच निवडावे, बहिणीने तिच्या वेळी अभियांत्रिकी निवडावी, आणि दोन शाखा जोडण्याचे काम सोबतच्या निवेदनातील प्रश्नावर सोपवावे. फ्लोराइडचा प्रश्न त्यासाठी फार योग्य आहे. ते पाण्यात उतरते खडकातून, म्हणजे तेथे भूशास्त्र येते. ते मोजायचे असते रसायनशास्त्राने. गावातल्या माणसाला स्वतः मोजता यावे असे स्वस्त उपकरण करायचे तर इलेक्ट्रॉनिक्स लागते. आणि जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे डाग व वाकणारी हाडे पाहायची तर वैद्यकाला विचारावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. शिवाय या विषयाचे एक जुने केंद्र आपल्या जवळच आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरीनेच, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेच, विकसित केली. आपल्या निवेदनात गावातील आठ-दहा बोअरवेलचे स्वतः मोजलेले आकडे असतील, तर कोणत्याही मार्गदर्शकाला ते पान बाजूला ठेवणे कठीण जाईल.

मला अशी पाठ्यवृत्ती मिळाली तेव्हा घरात आनंदापेक्षा चिंता जास्त होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका हार्डवेअरच्या दुकानात काम करून पुढच्या वर्षाच्या पुस्तकांचे आणि मेसच्या अनामत रकमेचे पैसे उभे करत असे. दोन महिने परगावी गेल्यावर ती कमाई बुडणार होती. तिकिटाचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि नंतर तिकीट जोडून परत मिळवायचे होते, मेसचे बिल दर महिन्याला द्यायचे होते, आणि विद्यावेतन मात्र काम संपल्यावर हाती आले. आमच्या प्राध्यापकांनी तीन हजार रुपये उसने दिले नसते तर मी गेलोच नसतो. म्हणून निवडीचे पत्र आल्यावर संकोच न करता तीन गोष्टी विचाराव्यात: विद्यावेतन कधी मिळेल, काही रक्कम आगाऊ मिळू शकते का, आणि संस्थेच्या वसतिगृहात जागा आहे का. असे विचारल्यामुळे कोणाची निवड रद्द झाल्याचे मी पाहिलेले नाही.

आपण अमेरिकेतील ज्या शिष्यवृत्तीबद्दल वाचले ती बहुधा तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची एस-स्टेम असावी. तीत पैसा थेट विद्यार्थ्याला न देता महाविद्यालयाला दिला जातो, आणि महाविद्यालयाने शिष्यवृत्तीबरोबर मार्गदर्शक आणि बरोबरीच्या विद्यार्थ्यांचा गटही द्यावा अशी अपेक्षा असते. ती तेथील नागरिक, कायम रहिवासी आणि निर्वासितांसाठी आहे, आपल्याला तिचा अर्ज करता येणार नाही. तिचा पैसा एच-१बी या, परदेशी कुशल कर्मचाऱ्यांना अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसासाठी कंपन्यांनी भरलेल्या शुल्कातून येतो, आणि त्या व्हिसावर जाणाऱ्यांत भारतीयांचीच संख्या सर्वाधिक आहे. आपल्या अभियंत्यांच्या निमित्ताने भरलेल्या शुल्कातून तेथील गरीब मुले शिकतात ही चांगलीच गोष्ट आहे. पैसा, मार्गदर्शक आणि सोबत एकत्र देण्याची ती रचना आपल्या विद्यापीठांनीही उचलावी, असे मला फार वाटते.

घरचे लोक कदाचित म्हणतील की संशोधनाच्या नादात आणखी किती वर्षे खर्च करायचा. त्यांना हे सांगावे की पीएच.डी.साठी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून तिचा दर महिन्याला ३७,००० रुपये आहे. अवघड आहेत ती त्याआधीची वर्षे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि ते एक वर्ष कमाईविना काढावे लागते, हा हिशेब आत्ताच मांडून ठेवावा.

अकादमींच्या पाठ्यवृत्तीचे अर्ज साधारणपणे नोव्हेंबरअखेरपर्यंत घेतले जातात, त्यामुळे शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना ऑक्टोबरमध्येच भेटावे. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी मिळून बोअरवेलचे नमुने गोळा करावेत. बाटल्या काचेच्या न घेता प्लॅस्टिकच्या घ्याव्यात, कारण फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होऊ शकते. प्रत्येक बाटलीवर तारीख, जागा आणि बोअरची खोली लिहावी. मोजणीसाठी आपल्या महाविद्यालयातील स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे उपकरण, पुरेल; स्पॅड्न्स या रंगद्रव्याच्या पद्धतीत ५७० नॅनोमीटर तरंगलांबीवर वाचन घ्यायचे असते. आकडे आले की निवेदनाचा मसुदा मला संदेशातून पाठवा, मी वाचून सूचना कळवीन.