पॅरिसला जाण्याआधी ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा फ्रेंच क्रांतीच्या काळातल्या पॅरिसमध्ये घडणारा व्हिडिओ गेम खेळून काही फायदा होतो का?

होतो. ‘गेममधून कसला आलाय इतिहास’ म्हणणाऱ्यांना आधी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या छपरावरच्या टोकदार शिखराचं वय विचारा.

मी आर्किटेक्चरला असताना नोत्र दाम ज्यावर उभं आहे त्या इल द ला सिते या बेटावर ड्रॉइंग शीट्स केल्या होत्या. एकीकडे तुर्गोचा 1739 चा पॅरिसचा नकाशा, त्यात अख्खं शहर वरून तिरपं बघितल्यासारखं काढलंय. शेजारी युनिटीचे स्क्रीनशॉट. ज्युरीतले (काम तपासणाऱ्या पॅनेलमधले) एक सर म्हणाले, “हे खेळ घरी.” झालं, पुढची शीट उघडूच दिली नाही. मुद्दा नेमका तिथेच होता. युनिटीची मुख्य गोष्ट 1789 पासूनची. मूळ मध्ययुगीन शिखर खिळखिळं झालं म्हणून 1786 ते 1792 च्या दरम्यान उतरवलं. गेममध्ये दिसतं ते चर्चची डागडुजी करणाऱ्या व्हियोले-ल-द्युक या आर्किटेक्टचं, 1859 चं! गेम चुकलाय हे मला गेम आणि नकाशा शेजारी ठेवल्यामुळेच कळलं.

पुढच्या सेमिस्टरला याच सरांच्या स्लाइडवर याच शिखराचा फोटो, खाली लिहिलेलं ‘13वं शतक’. मी हात वर केला. इंटर्नलच्या मार्कांचं काय झालं ते विचारू नका.

असो. शिखर सोडा, गल्ल्या बघा. आज तुम्ही चर्चसमोरच्या मोकळ्या चौकात उभे राहाल आणि दर्शनी भाग एका नजरेत मावेल. ही मोकळीक पॅरिसची नव्याने आखणी करणाऱ्या ओसमान या अधिकाऱ्याच्या काळातली, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी घरं पार अंगाशी आलेली, ओतेल-द्यू हे जुनं रुग्णालय दक्षिणेला नदीकाठी, चौक आजच्या मानाने चिमुकला. बोळातून बाहेर पडावं आणि बुरूज एकदम डोक्यावर यावेत, हे फोटोत कळत नाही, गेममध्ये चालताना कळतं.

फक्त रस्ते पाठ करून जाऊ नका, शहर बरंच आकसून घेतलंय. आणि 2019 च्या आगीनंतर चर्च या गेमवरून बांधलं, ही निव्वळ थाप. गेममधलं चर्च एका आर्टिस्टने साधारण दोन वर्षं खपून उभं केलं. मोजमापाचं म्हणाल तर कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांचं लेझर स्कॅनिंग आगीआधीच झालेलं होतं.

तुर्गोचा नकाशा ऑनलाइन फुकट मिळतो. तो शेजारच्या स्क्रीनवर उघडा आणि खेळा. कोणी हसलं तर शिखराचं साल विचारा.