बोअर आटली, खोल न्यावी का?

प्रश्न : जयताळ्याला आमच्या बोअरला पूर्वी मे महिन्यातही पाणी असायचं. आजूबाजूला फ्लॅट झाले, रस्ते सिमेंटचे झाले. आता मार्चमध्येच मोटर हवा ओढते. बोअर आणखी खोल न्यावी का?

उत्तर : घाई करू नका. पश्चिम नागपूरखाली बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट, म्हणजे काळा कठीण खडक, आहे. त्यात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात साठतं. शेजारच्या सगळ्या बोअर त्याच भेगांतून उपसा करत असतील, तर खोल जाऊन तुम्ही शेजाऱ्यांचं पाणी ओढाल, नाहीतर कोरडा खडक लागेल. उपसा वाढला आणि मुरणं थांबलं, हे खरं दुखणं आहे. इलाज छतापासून सुरू करा.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नागपुरात वर्षाला साधारण १,००० मिमी पाऊस पडतो. १०० चौरस मीटर स्लॅबवरून, २० टक्के वाया गेलं तरी, ८०,००० लिटर मिळतं!

हे पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. गाळाने भेगा बुजतात, त्या पुन्हा मोकळ्या होणं कठीण. शोषखड्डा करा, दीड मीटर लांब-रुंद. खोली मात्र फुटांवर ठरवू नका, मुरूम लागेपर्यंत खणा. इथेच बहुतेकांचं चुकतं : काळी माती ओली झाली की फुगते, पाणी खाली जाऊच देत नाही, आणि खड्डा डासांचं डबकं होतो. तळाशी ४० मिमी गिट्टी, वर बारीक गिट्टी, मग नायलॉन जाळी, त्यावर फूटभर जाड रेती. छताचा पाइप आधी २०० लिटरच्या ड्रममध्ये न्या, म्हणजे धूळ-विष्ठेचं पहिलं पाणी तिथेच अडेल. सर संपली की ड्रम रिकामा करा. खड्डा सेप्टिक टँकपासून १५ मीटर आणि घराच्या पायापासून तीन मीटर तरी दूर हवा. दर मे महिन्यात वरची दोन इंच रेती खरवडून बदला.

प्रश्न : आमची विहीर एमआयडीसीजवळ आहे. पाण्याला वास येतो. उकळून प्यावं का?

उत्तर : अजिबात नको. उकळल्याने जंतू मरतात. शिसं, क्रोमियम तसंच राहतं, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. पंप दहा मिनिटं चालवून मग नमुना घ्या. धातूंसाठी वेगळी बाटली प्रयोगशाळेतूनच मागा, तिच्यात आम्ल घातलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, क्रोमियमची ०.०५. अहवाल त्याहून जास्त आला, तर तो जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोवर त्या विहिरीचं पाणी पिण्या-रांधण्याला वापरू नका.