नवाहो (अमेरिकेतली एक मूळनिवासी, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन जमात) इनले (चांदीत खड्यांचे तुकडे बसवलेल्या) अंगठीच्या मागे फक्त '९२५' आहे, म्हणजे ती अस्सल का?

नाही, तेवढ्यावरून ती नवाहो कारागिराने केलीय असं म्हणता येत नाही, ९२५ म्हणजे चांदी ९२.५ टक्के एवढंच, आणि तो शिक्का काय कुठेही मारता येतो. दुकानदाराकडून कारागिराचं नाव आणि जमात बिलावर लिहून मागा, अमेरिकेत १९९० च्या कायद्याने बाहेरचा माल नेटिव्ह अमेरिकन म्हणून विकणं गुन्हा आहे त्यामुळे खोटा माणूस लिहून द्यायला कचरतो. मग भिंगाने बघा, पिरोजा, पोवळं, शिंपला असे तुकडे चांदीच्या घरात नीट घासून बसवलेले हवेत, फटीफटीत रंगीत रेझिन दिसलं तर मी तरी घेणार नाही. फक्त जुन्या दागिन्यांवर बऱ्याचदा शिक्काच नसतो, म्हणून शिक्का नाही म्हणजे नकली असंही धरू नका.