शाळेची जागा हातची जाण्याआधी

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या हद्दवाढ भागात राहतो. दहा वर्षांपूर्वी इथे ज्वारीची शेतं होती, आता घराला घर लागलंय. महापालिकेच्या शाळेत पहिली ते पाचवीची 212 मुलं आणि खोल्या तीन, त्यातली एक पत्र्याची. म्हणून शाळा दोन सत्रांत भरते. शेजारचा मोठा प्लॉट विकास आराखड्यात प्राथमिक शाळा आणि क्रीडांगणासाठी राखीव आहे. 'इमारत मंजूर आहे' हे सहा वर्षं ऐकतोय. गेल्या वर्षी जागामालकानं तारेचं कुंपण घातलं. तो म्हणतो, ''मी नोटीस दिलीय, दोन वर्षांत जागा मोकळी होईल.'' काही लोक म्हणतात शाळेला टाळं ठोका, घरपट्टी भरू नका. कोर्टात जायचं तर मुंबई गाठावी लागेल का? मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. तक्रारीवर मुख्याध्यापकांची सही घ्यावी का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात पत्र्याच्या खोलीबद्दल पुष्कळ आहे आणि मालकाच्या नोटिशीबद्दल एकच ओळ. माझ्या दृष्टीनं ती ओळच सगळ्यात घाईची आहे. पत्रे बदलता येतात. आरक्षण एकदा उठलं आणि तिथं प्लॉट पडले, की वस्तीच्या मधोमध तेवढी जागा पुन्हा मिळत नाही.

मालक खोटं बोलत नसावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 असं सांगतं : अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक आपल्या हक्काच्या कागदपत्रांसह महापालिकेला नोटीस देऊ शकतो. नगररचनेच्या टेबलावर तिला 'परचेस नोटीस' म्हणतात. ती पोचल्यापासून 24 महिन्यांत जागा संपादन झाली नाही किंवा संपादनाची कारवाई सुरू झाली नाही, तर आरक्षण आपोआप संपतं. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. 2009 मध्ये ती बारा महिने झाली आणि 2015 मध्ये चोवीस. म्हणजे कायद्यानं महापालिकांना सवलत वाढवतच नेली आहे.

'कारवाई सुरू आहे' या शब्दांवर मात्र विसंबू नका. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसता ठराव किंवा या खात्याचं त्या खात्याला पत्र म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. उद्या तुम्हाला कुणी ठरावाची प्रत हातात देऊन 'झालं तुमचं काम' म्हणालं, तर प्रत घ्या आणि त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 126 खाली, म्हणजे आरक्षित जागा घेण्याच्या कलमाखाली, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव गेला का, तो पुढे कुठवर सरकला, हे विचारा.

मालकाला गावचा खलनायक करू नका, ही माझी विनंती. जमीन अडकून पडलेले मालक माझ्याकडेही येतात. त्यांना बांधता येत नाही, विकता येत नाही, मुलीच्या लग्नाला कर्ज मिळत नाही. महापालिका टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ करते, त्यांना रोख हवी असते. आणि 2013 च्या भूसंपादन कायद्यानं शहरी जमिनीला बाजारभावाच्या दुप्पट मोजावे लागतात, म्हणून फाईल लेखा विभागात जाऊन बसते. तुमच्या जागामालकाशी बोलून पाहा. रोख रक्कम किंवा टीडीआर घेऊन समझोत्यानं जागा द्यायला तो तयार असेल, तर ते कलम 126 मध्येच बसतं, आणि त्याचं तसं लेखी पत्र तुमच्या तक्रारीच्या अर्जाला जोडता येईल.

आता शाळेच्या हक्काचं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. नजीकची शाळा, इमारत आणि शिक्षक पुरवण्याची जबाबदारी कलम 9 नं स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. शहराच्या हद्दीत ते प्राधिकरण महापालिका. (हद्दीबाहेर, उदाहरणार्थ कुंभारीच्या रे नगरात, हाच अर्ज जिल्हा परिषदेकडे जाईल. पलीकडच्या वस्तीतल्या पाहुण्यांनी तुमचा मसुदा उतरवून घेतला, तर तेवढं बदलायला सांगा.) कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 212 मुलांना चाळिसास एक या हिशेबानं सहा शिक्षक आणि वर मुख्याध्यापक लागतात. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली आणि कार्यालयाची एक, अशा सात खोल्या झाल्या. तुमच्याकडे तीन आहेत. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण हेही त्याच यादीत आहे. दोन सत्रं भरवणं आपोआप बेकायदा ठरत नाही, पण वर्षाला 800 तास अध्यापन व्हायलाच हवं. एका सत्राचे तास मोजून ठेवा.

म्हणून अर्जात 'दिरंगाई' हा शब्द एकदाच लिहा, आकडे मात्र सगळे लिहा. दिरंगाईबद्दल अधिकारी दिलगिरी व्यक्त करून मोकळा होतो. सातातून तीन वजा केले की उरलेल्या चार खोल्यांचा जाब त्याला द्यावा लागतो.

तुमच्या समितीला एक अधिकार आहे, तो फार थोड्या समित्या वापरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 खाली शाळा विकास आराखडा समितीनं करायचा असतो आणि अनुदानाचं नियोजन त्यावर व्हायचं असतं. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा उतरवून पाठवतात. येत्या सभेत चार खोल्यांची आणि आरक्षित प्लॉटची मागणी त्यात घालून ठराव करा.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज नगररचना विभागाला द्या. परचेस नोटिशीची प्रत व ती मिळाल्याची तारीख, आराखडा अमलात आल्याची तारीख, भाग नकाशा (आराखड्यातला त्या प्लॉटपुरता नकाशा), कलम 126 चा प्रस्ताव आणि इमारतीची प्रशासकीय मान्यता झाली असल्यास तिची प्रत, एवढंच मागा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर काहीच मिळत नाही. उत्तराला 30 दिवस.

त्याची वाट न पाहता पालकांच्या सह्यांनी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 ची लेखी तक्रार महापालिका आयुक्तांच्या नावे द्या, प्रत महापालिकेच्या शाळा पाहणाऱ्या प्रशासनाधिकाऱ्यांना. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानंच निवाडा करायचा, हे तुम्हाला विचित्र वाटेल, मलाही वाटतं. पण ही पायरी गाळली तर पुढे न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुंबईला जायची गरज आता नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र काढणं वाचलं. नोटिशीच्या 24 महिन्यांतले सहा-सात महिनेच उरले असतील, तर तीन महिने थांबत बसू नका, थेट राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात याचिका करा. न्यायालय महापालिकेला जागा घ्यायलाच लावेल असं वचन मी देणार नाही. पैशाच्या निर्णयात न्यायालयं हात आखडता घेतात. पण मुदत संपण्याआधी निर्णय घ्या आणि तो प्रतिज्ञापत्रावर सांगा, असा आदेश मागता येतो. तोंडी 'मंजूर आहे' आणि शपथेवर 'मंजूर आहे' यात फार अंतर असतं.

टाळं ठोकू नका. गुन्हा नोंदला जाईल तो बापांवर आणि शाळा बुडेल ती मुलांची. घरपट्टी थकवली तर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, आणि बिलातला राज्य शिक्षण कर तर महापालिका गोळा करून शासनाकडे भरते, तो अडवून तिच्यावर दबाव येत नाही.

मुख्याध्यापकांची सही समितीच्या ठरावावर येईलच, ते समितीचे सचिव असतात आणि ते त्यांचं काम आहे. कलम 32 च्या तक्रारीवर मात्र घेऊ नका. तिथं फक्त पालकांच्या सह्या, प्रत्येकीपुढे मुलाचं नाव आणि इयत्ता. सरांकडून पटसंख्येचा दाखला तेवढा मागून घ्या.