पदपथाची दुरुस्ती: पैसा कोठून येतो आणि काम कोणाकडे असते?

पावसाळा संपत आला की पदपथांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. विनंतीवरून पत्रलेखकांची नावे व शहरे वगळली आहेत. व्यवस्था समजावून सांगण्यासाठी मी प्रामुख्याने पुणे महापालिकेचे उदाहरण घेतले आहे, कारण तेथील पद्धत मला जवळून ठाऊक आहे.

प्रश्न: आमच्या घरासमोरच्या पदपथावरील दोन पेव्हर ब्लॉक गेल्या पावसाळ्यापासून निखळलेले आहेत. तक्रार केली की निधी नाही, असे उत्तर मिळते. मात्र शेजारच्या रस्त्यावरील धडधाकट पदपथ उखडून तेथे नवा बसवला जात आहे. हे कसे? (एक निवृत्त शिक्षिका)

आपल्याला मिळालेले उत्तर बहुधा खोटे नाही, पण ते अपुरे आहे. महापालिकेच्या तिजोरीत पैसा अनेक वाटांनी येतो. आपण भरतो तो मालमत्ता कर, बांधकाम परवानगीच्या वेळी घेतले जाणारे विकास शुल्क आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर जकात व स्थानिक संस्था कर यांच्या बदल्यात राज्य शासनाकडून मिळणारे भरपाई अनुदान, या त्यांपैकी मोठ्या वाटा आहेत. तिजोरीत आल्यावर मात्र हा पैसा एकत्र राहत नाही, तर अंदाजपत्रकातील लेखाशीर्षांत, म्हणजे खर्चाच्या ठरावीक सदरांत, वाटला जातो. नवा पदपथ बांधणे हे भांडवली काम ठरते, तर निखळलेले ब्लॉक बसवणे देखभाल-दुरुस्तीत मोडते. एका शीर्षातील रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळवायची झाल्यास वर्गीकरणाचा प्रस्ताव मंजूर करून घ्यावा लागतो. त्यामुळे शेजारच्या रस्त्यासाठी रक्कम आहे आणि आपल्या दोन ब्लॉकसाठी नाही, असे एकाच दिवशी, एकाच कार्यालयात घडू शकते.

याहून मोठी अडचण कामाच्या रीतीत आहे. कनिष्ठ अभियंत्याने जागेची मापे घ्यायची, दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) तयार करायचे, त्याला तांत्रिक मान्यता घ्यायची, मग निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी देयक, असा हा प्रवास आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब राहावा म्हणून तो आवश्यकच आहे. पण दोन ब्लॉकसाठी हा सगळा प्रवास कोण करणार? शिवाय ठेकेदाराचे देयक चौरस मीटरवर निघते. दहा ठिकाणी हातभर जागा दुरुस्त करण्यापेक्षा सलग शंभर मीटर उखडून नव्याने बसवणे त्याला परवडते आणि अभियंत्यालाही मोजायला सोपे जाते.

माझ्या मते यावरचा उपाय प्रशासनाच्या हातात आहे व तो अवघडही नाही. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने वर्षाच्या आरंभीच पदपथाच्या किरकोळ दुरुस्तीचा वार्षिक दरकरार करून ठेवावा, त्यात प्रत्येक बाबीचा दर ठरलेला असावा आणि तक्रार आली की कनिष्ठ अभियंत्याने नव्या निविदेची वाट न पाहता त्या दराने माणूस पाठवावा. ज्या कार्यालयात असा करार हाताशी असतो, तेथे निखळलेला ब्लॉक आठवड्यात बसू शकतो. नसतो तेथे तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो.

आपण दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे तक्रार योग्य दारी पोहोचवावी. पुण्यात १२ मीटर व त्याहून रुंद रस्ते सर्वसाधारणपणे मुख्य पथ विभागाकडे, तर त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात. रस्त्याची रुंदी ठाऊक नसल्यास तक्रारीतच 'हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, ते कळवावे' असे लिहावे. दुसरी गोष्ट अंदाजपत्रकासंबंधीची आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत ठेवली आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या लहान कामांसाठी ती आखलेली आहे. पदपथाची दुरुस्ती त्यात चपखल बसते. अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस मागवले जातात, म्हणून अर्जाची चौकशी आजच करावी. मार्चमध्ये जाग आली तर वर्ष हातचे जाते.

प्रश्न: आमच्या भागात दुरुस्ती झाली, पण महिनाभरातच ब्लॉक पुन्हा खचले. निकृष्ट कामाची जबाबदारी कोणाची? (एक दुकानदार)

पेव्हर ब्लॉक स्वतः क्वचितच फुटतो; बिघडते ते त्याच्या खालचे. खडीचा थर दाबून घट्ट केला पाहिजे, त्यावर वाळूचा पातळ, सारखा थर दिला पाहिजे, ब्लॉक बसवल्यावर सांध्यांत बारीक वाळू भरून वरून कंपन यंत्र फिरवले पाहिजे आणि कडेचे कर्बस्टोन (पदपथाच्या काठाचे उभे दगड) काँक्रीटमध्ये पक्के बसलेले पाहिजेत. कर्बस्टोन हलला की ब्लॉकांना आधार राहत नाही, सांधे रुंदावतात, पावसाचे पाणी आत शिरते आणि वाळू वाहून जाते. मग वरून सपाट दिसणाऱ्या ब्लॉकवर पाय ठेवताच तो एका बाजूने उचलला जातो आणि खालचे गढूळ पाणी पायावर उडते. आपण सर्वांनी हे अनुभवले आहे.

मी अशी एक दुरुस्ती अगदी जवळ उभा राहून पाहिली आहे. दोन कामगार होते. त्यांनी निखळलेले ब्लॉक काढून बाजूला ठेवले, ओल्या मातीवरच पाटीभर कच टाकली, ब्लॉक परत ठेवले आणि फावड्याच्या दांड्याने ठोकले. शेजारच्या चेंबरचे झाकण ब्लॉकांपेक्षा दोन बोटे वर राहिले, त्याकडे कोणी पाहिले नाही. काम वीस मिनिटांत आटोपले. त्या कामगारांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे कंपन यंत्र दिलेले नव्हते आणि देखरेख करणारा अभियंता जागेवर नव्हता.

आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर कार्यादेशात असते. निविदेत दोषदायित्व कालावधी नमूद केलेला असतो. त्या काळात काम बिघडले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने करून द्यायचे असते आणि त्याची सुरक्षा ठेव त्यासाठीच रोखून ठेवलेली असते. म्हणून 'पदपथ खचला आहे' एवढीच तक्रार न करता 'या कामाचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो व ठेकेदाराला दुरुस्तीची नोटीस दिली आहे काय' असे लेखी विचारावे. उत्तर न आल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. त्याच्या कलम २ मधील व्याख्येनुसार कागदपत्रांच्या प्रतींबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार नागरिकाला आहे. हा भाग फारसा कोणी वापरत नाही, याचे मला वाईट वाटते. कार्यादेश व मोजमाप पुस्तिकेतील नोंदी हातात ठेवून जागेवर टेप लावला की पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. मधल्या काळात केबल किंवा जलवाहिनीसाठी पदपथ खोदला गेला असेल, तर मूळ ठेकेदार हात वर करतो. खोदाईची परवानगी देताना महापालिका पदपथ पूर्ववत करण्यासाठी शुल्क घेते. तो खर्च त्या शुल्कातून व्हायला हवा आणि तसे आपल्या अर्जात स्पष्ट लिहावे.

प्रश्न: आमची सोसायटी स्वखर्चाने समोरचा पदपथ दुरुस्त करू शकते का? (गृहनिर्माण संस्थेचे सचिव)

लेखी परवानगीशिवाय करू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये रस्त्याच्या व्याख्येत पदपथाचा समावेश आहे आणि कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. खर्च उचलण्याची तयारी दाखवून क्षेत्रीय कार्यालयाच्या देखरेखीखाली काम करून घेता येईल. परंतु दुरुस्तीच्या निमित्ताने फाटकासमोर पदपथ कापून मोटारींसाठी उतार करणे हे सोसायट्यांकडून सर्रास होते व ते चुकीचे आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. प्रत्येक फाटकापाशी चढउतार करणारा पदपथ वृद्धांच्या व चाकाच्या खुर्चीच्या उपयोगाचा राहत नाही, आणि मग ती माणसे रस्त्यावरून चालू लागतात.

प्रश्न: उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन माझ्या आईचा हात मोडला. भरपाई मागता येते का? (एक वाचक)

मागता येते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना पदपथ मिळण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगितले आणि दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ राखण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आणि दाव्यांच्या निर्णयासाठी समित्या नेमण्याचे आदेश दिले. आईंचा अर्ज त्या समितीकडे करावा.

दिवाणी दावा करायचा असल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ कडे दुर्लक्ष करू नये. त्यानुसार महापालिकेला एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. उपचारांच्या गडबडीत ही मुदत निघून जाते, म्हणून वकिलांना याच आठवड्यात भेटावे. चेंबरचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे, रुग्णालयाची कागदपत्रे व बिले जपावीत आणि त्या दिवशी मदतीला धावून आलेल्यांची नावे लिहून घ्यावीत. आणि ते चेंबर अजूनही उघडेच असेल, तर प्रथम त्यावर झाकण बसवून घ्या. त्यासाठी आजच, पोच घेऊन, स्वतंत्र अर्ज द्या.