गुलमर्गला जाण्याआधी

गुलमर्गचा स्कीइंगचा कोर्स ठरवलास, फार बरं वाटलं. निघण्याआधी आरिफ खानच्या शर्यती जरूर बघ. गुलमर्गजवळच्या टंगमर्गचा हा स्कीअर २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलमच्या, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीच्या दिवशी बर्फ इतका कोसळत होता की समोरचं नीट दिसत नव्हतं. जवळपास निम्मे स्पर्धक शर्यत पुरीच करू शकले नाहीत. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि तो ४५ वा आला. पदकाची आशा नव्हती, आपल्याकडे या खेळात पैसाही नाही, तरी वर्षानुवर्षं तो उतारावर जात राहिला. मला अशीच माणसं मोठी वाटतात. मनालीजवळची आंचल ठाकूरही त्यातलीच. २०१८ मध्ये तिने तुर्कस्तानात स्कीइंगच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

तुझ्यापुरतं सांगतो. पहिले काही दिवस गोंडोलाकडे, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारकडे, फिरकूही नकोस. स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून थांबायला शीक. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. घाबरलं की अंग मागे जातं आणि स्की ऐकेनाशा होतात. भाड्याचे बूट घालून टाच उचलून बघ, ती उचलली गेली तर लहान माप माग. पडलास तर स्की उताराला आडव्या कर, मगच ऊठ.